अभ्यास पाठ : बर्फाच्या वाघिणी आणि आपली लिंबं



मागच्या ग्रामसंघाच्या बैठकीत काय झालं ते बऱ्याच जणींना माहीत आहे. ज्या आल्या नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सहा गटांनी मिळून पहिल्यांदाच २२ गोण्या लिंबं टेम्पोने शहराच्या मार्केटला पाठवली. चार दिवसांनी पट्टी आली. त्यात जवळजवळ तिसरा हिस्सा माल 'डागी' म्हणून कापलेला होता. मग सुरू झालं. कुणी म्हणालं, ड्रायव्हरने रस्त्यात गाडी उभी ठेवली. कुणी म्हणालं, अडत्याने फसवलं. एक ताई उठून म्हणाल्या, "त्यांच्या गोण्या सडक्या होत्या, त्यांच्यामुळे आमचाही माल बाद झाला." शेवटी दोन गटांनी सांगून टाकलं, "पुढच्या तोड्याला आमचं आम्ही विकू."

मी तिथेच बसले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याच्या कॉलेजात मी ठराव कसा लिहायचा, भांडण कसं शांत करायचं हे शिकले. लिंबू का सडतं हे काही शिकले नव्हते. म्हणून घरी येऊन वाचायला बसले. वाचता वाचता लक्षात आलं, की हेच भांडण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत झालेलं आहे. तिथे संत्री होती, टेम्पोच्या जागी कोळशाच्या इंजिनाची मालगाडी होती. पण "माल कुणी सडवला?" हा प्रश्न अगदी आपलाच होता. त्याचं उत्तर त्यांनी कसं शोधलं, तोच आजचा पाठ.

गटात एकीने मोठ्याने वाचा, बाकीच्यांनी ऐका. मध्ये थांबून बोला. शेवटी एक प्रयोग आणि काही प्रश्न दिले आहेत.

१. भुसा आणि बर्फ

आधी एक प्रश्न. बर्फ किती दिवस टिकेल? तुम्ही म्हणाल, उन्हात अर्धा तास. पण १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून एक जहाज तळ्यातला गोठलेला बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला पोहोचलं. निघताना सुमारे १८० टन बर्फ होता, पोहोचला तेव्हा साधारण १०० टन शिल्लक होता. पुढे असा बर्फ आपल्या मुंबईतही उतरू लागला आणि तिथे त्याच्यासाठी खास बर्फघर होतं.

हे जमलं कसं? लाकडाच्या भुशामुळे. भुशात हवा अडकून राहते, त्यामुळे बाहेरची उष्णता आत लवकर शिरत नाही. आपण बर्फाची लादी बारदानात गुंडाळतो, आजी लापशीचं पातेलं गोधडीत ठेवायची, त्यामागचं कारण तेच. गरम असो की गार, बाहेरची हवा आणि आतला माल यांच्यामध्ये काहीतरी आड पाहिजे.

हीच युक्ती रेल्वेने उचलली.

२. पहिल्या वाघिणी

वाघीण म्हणजे मालगाडीचा डबा. १८५१ साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑग्डेन्सबर्गहून बॉस्टनला लोणी पाठवलं गेलं. लाकडी डब्याच्या भिंतीत भुसा भरलेला आणि आत बर्फ ठेवलेला. लोणी न वितळता पोहोचलं. १८६७ मध्ये डेट्रॉईटच्या सदरलँड नावाच्या माणसाने दोन्ही टोकांना बर्फाच्या टाक्या असलेल्या डब्याचं पेटंट घेतलं.

सगळं पहिल्या झटक्यात जमलं असं समजू नका. मांसाच्या एका सुरुवातीच्या डब्यात मांस बर्फ-मिठाच्या वर आकड्यांना टांगलेलं असायचं. गाडी वळणावर आली की सगळं वजन एका बाजूला झोकांडायचं आणि डबा रुळावरून घसरायचा. बर्फाला चिकटलेल्या मांसाचा रंगही बदलायचा. मग शिकागोचा व्यापारी गुस्ताव्हस स्विफ्ट याने १८७८ मध्ये अँड्र्यू चेस नावाच्या इंजिनिअरकडून नवा डबा बनवून घेतला. त्यात बर्फ वर होता आणि माल खाली घट्ट रचलेला. गार हवा जड असते, ती आपोआप खाली उतरते.

डबा तयार झाला, पण रेल्वेवाले तो ओढायला तयार होईनात. कारण त्यांचा पैसा जिवंत जनावरांच्या वाहतुकीत गुंतलेला होता. जिवंत जनावर नेलं तर वजन जास्त, म्हणजे भाडं जास्त. स्विफ्टने मग अशी रेल्वे शोधली जिला जनावरांच्या भाड्यातून फारसं मिळत नव्हतं. ती ग्रँड ट्रंक रेल्वे. तिचा मार्ग लांबून, कॅनडामधून जायचा, तरी त्याने तोच धरला.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा. नवी सोय आली की जुन्या सोयीवर ज्यांचं पोट चालतं ते आडवे येतात. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा दुसरी वाट कुठे आहे ते बघायचं.

३. डबा आतून कसा होता?

आता आपण डब्यात शिरू. साधारण ४० फूट लांबीचा लाकडी डबा समजा. भिंतीत सुरुवातीला भुसा, जनावरांचे केस असलं काही भरलेलं. दोन टोकांना दोन टाक्या. छतावर चार कोपऱ्यांत चार झाकणं. बर्फ आत टाकायची वाट तीच. दोन्ही टाक्यांत मिळून साडेचार-पाच टन बर्फ मावायचा. मधल्या जागेत फळांच्या पेट्या. पेट्या थेट जमिनीवर ठेवायच्या नाहीत, खाली लाकडी पट्ट्यांची जाळी असायची. टाकीतली गार हवा खाली उतरून त्या जाळीखालून पसरायची, पेट्यांमधून वर चढायची आणि परत टाकीकडे वळायची. ना पंखा, ना वीज. हवा फिरायची ती फक्त गार-गरमच्या फरकावर.

म्हणून पेट्या रचणं हे कसबाचं काम होतं. दोन पेट्यांत फट ठेवली नाही तर मधला माल गरम राहायचा. आपण गोण्यांवर गोण्या दाबून टेम्पो भरतो तेव्हा मधल्या गोणीत हवा कुठून जाणार, याचा विचार करा.

मांसाच्या डब्यात बर्फाबरोबर मीठ टाकायचे. पॉट आईस्क्रीमवाला बर्फात मीठ का टाकतो ते तुम्हाला माहीत आहेच. गारवा आणखी खाली जातो. फळांना मात्र एवढी थंडी नको. प्रत्येक मालाचा स्वभाव वेगळा. कांदा-बटाट्याला हवा खेळती लागते. तेव्हा हवामान गार असेल तर बर्फ न टाकता छताची झाकणं नुसती उघडी ठेवायचे. कडक हिवाळ्यात तर उलटं व्हायचं. फळ गोठू नये म्हणून टाकीत शेगडी पेटवून ठेवायचे.

केळीचं तर विचारूच नका. केळं फ्रीजमध्ये ठेवलं की काळं पडतं हे आपण घरी बघतोच. साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की ते बिघडतं. आणि पिकताना ते स्वतःच उष्णता सोडतं. त्यामुळे न्यू ऑर्लिन्स बंदरातून शिकागोकडे केळी नेताना उन्हाळ्यात बर्फ, थंडीत ऊब असा दोन्हीकडून सांभाळ करावा लागे. वाटेत केंटकी राज्यातल्या फुल्टन गावी केळीच्या गाड्यांना पुन्हा बर्फ भरायचे. त्या गावाची ओळखच केळीमुळे झाली.

एकदा भरलेला बर्फ शेवटपर्यंत पुरत नसे. कॅलिफोर्नियातून देशाच्या दुसऱ्या टोकाला जायला आठवडा ते दोन आठवडे लागत. वाटेत साधारण रोज एकदा बर्फ भरावा लागे. त्यासाठी ठिकठिकाणी डब्याच्या छताइतके उंच, लांबच लांब फलाट बांधलेले होते. सुमारे १३५ किलोची एकेक लादी त्यावरून सरकत यायची, माणसं टोकदार आकड्यांनी ती फोडून झाकणातून आत ढकलायची. आधी हा बर्फ हिवाळ्यात तळ्यांतून कापून साठवत, पुढे कारखाने आले. कॅलिफोर्नियातल्या रोझव्हिल इथला कारखाना जगातल्या सर्वात मोठ्या बर्फ कारखान्यांत गणला जाई.

४. डबा त्यांचा, बर्फ त्यांचा, दरही त्यांचाच

एवढं सगळं झालं म्हणजे शेतकऱ्याचं भलं झालं, असं वाटेल. तसं झालं नाही.

बर्फाचे डबे बहुतेक वेळा रेल्वेचे नसत, खाजगी कंपन्यांचे असत. आर्मर हे त्यातलं मोठं नाव. मांसाचा व्यापार त्यांचा, डबे त्यांचे आणि बर्फाचा दरही तेच ठरवणार. काही भागांत दुसऱ्या कुणाचा डबाच मिळायचा नाही. फळ तर झाडावर थांबत नाही. शेतकरी देतील तो दर देत आणि तक्रार करत. ती तक्रार एवढी वाढली की १९०६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने हेपबर्न कायदा केला आणि बर्फाच्या या सेवेचे दरही सरकारी आयोगाच्या देखरेखीखाली आले. त्याच वर्षी युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिक या रेल्वेंनी मिळून 'पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस' ही स्वतःची डब्यांची कंपनी काढली. १९०७ मध्ये तिने ६,६०० बर्फाचे डबे घेऊन काम सुरू केलं.

कायदा आपोआप आला नाही. एकट्या शेतकऱ्याने पत्र लिहून तर नक्कीच आला नाही.

५. पैसे घेण्याऐवजी पैसे भरा!

आता संत्र्यांकडे येऊ. १८७७ मध्ये लॉस एंजेलिसहून सेंट लुईसला संत्र्यांचा पहिला भरलेला डबा गेला. महिनाभर प्रवास करूनही माल चांगला पोहोचला. हे बघून सगळ्यांनी संत्र्याच्या बागा लावल्या. आपल्याकडे एकाला डाळिंबात पैसा मिळाला की सगळं गाव डाळिंब लावतं, तसंच.

बाग वाढली, भाव पडला. व्यापारी म्हणायचे, "माल पाठवा, विकून पैसे देतो." विक्रीत तोटा झाला तर तो शेतकऱ्याच्या माथी. भाडं, पेटी, बर्फ, आडत सगळं कापून पट्टी यायची आणि त्यात लिहिलेलं असायचं, की उलट तुम्हीच इतके पैसे द्यायचे आहेत. वर्षभर बाग जपायची आणि शेवटी पदरचे पैसे भरायचे. आपल्याकडच्या कांदा उत्पादकांना हे समजावून सांगायची गरज नाही.

तेव्हा १८९३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बागायतदारांनी एकत्र येऊन फळ विक्री संघ उभा केला. १९०५ पासून त्याला 'कॅलिफोर्निया फ्रूट ग्रोअर्स एक्स्चेंज' म्हणू लागले. त्याची रचना बघा, ओळखीची वाटेल. गावपातळीवर एक संस्था, ती फळं गोळा करायची, निवडायची आणि भरायची. अनेक गावांच्या संस्था मिळून जिल्ह्याचा संघ, तो डब्यांची मागणी करायचा. सगळ्यांच्या वर मध्यवर्ती संघ, तो बाजारपेठा बघायचा. आपला बचत गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ डोळ्यांसमोर आणा.

मध्यवर्ती संघाची माणसं मोठ्या शहरांत बसलेली असत. कुठे किती माल आला, भाव काय चाललाय हे तारेने कळवत. गाडी रस्त्यात असतानाच डबा एका शहराकडून दुसऱ्या शहराकडे वळवला जाई. त्यामुळे सगळा माल एकाच बाजारात पडून भाव कोसळत नसे. १९०७ मध्ये पेट्यांचं लाकूड आणि इतर सामान एकत्र विकत घेण्यासाठी त्यांनी वेगळी कंपनी काढली. १९०८ पासून 'सनकिस्ट' नावाने फळ विकू लागले. ते नाव आजही चालतं.

६. मग फळ सडवलं कुणी?

संघ झाला, डबे मिळाले, तरी फळ सडतच होतं. बागायतदार रेल्वेला दोष देत होते, की गाड्या उशिरा येतात, बर्फ कमी भरतात. तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने जी. हॅरॉल्ड पॉवेल या फळतज्ज्ञाला तपासाला पाठवलं. त्याने कुणाची बाजू घेतली नाही. त्याने फळं पाहिली. काही फळं अतिशय जपून तोडून, जपून भरून पाठवली आणि काही नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही न्यूयॉर्कपर्यंत गेली. मग त्याने सडकी फळं मोजली.

जपून हाताळलेली फळं कितीतरी कमी सडली होती. गाडी तीच, प्रवास तोच.

सडण्याचं कारण निळी बुरशी होती. आपल्या लिंबावर हिरवट-निळी पावडर धरते ना, तीच जात. ही बुरशी धडधाकट सालीतून सहसा आत जात नाही, तिला वाट लागते. ती वाट कोण करून देत होतं? तोडताना कात्रीचं टोक सालीत घुसायचं. देठ लांब ठेवला की तो शेजारच्या फळाला टोचायचा. टोपलीच्या तळाशी खडे असायचे, ते खरचटायचे. पेटीत ओतताना फळं आपटायची. जखम इतकी बारीक, की तोडताना दिसतच नाही. दिसते ती दहा दिवसांनी, बाजारात.

म्हणजे माल गाडीत सडत होता हे खरं. पण सडण्याची सुरुवात झाडाखाली झालेली होती.

पॉवेलने आणखी एक सांगितलं. तोडलेलं फळ उन्हाची उष्णता अंगात घेऊन येतं. ते तसंच डब्यात भरलं तर बर्फ आधी ती उष्णता काढण्यातच वितळतो. म्हणून माल भरण्याआधी गार करा, आणि तोडल्यावर उगाच पडून ठेवू नका.

त्याचा अहवाल १९०८ मध्ये आला. बोथट टोकाच्या कात्र्या आल्या, तोडणारे हातमोजे घालू लागले, फळ ओतण्याऐवजी अलगद सोडता येईल अशा पिशव्या आल्या. गावच्या संस्थांनी तोडणीवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. आणि १९१२ मध्ये त्याच बागायतदारांच्या संघाने पॉवेललाच आपला मुख्य व्यवस्थापक नेमलं. ज्याने त्यांची चूक दाखवली, त्याच्याच हातात त्यांनी संघ दिला.

७. एक खटकणारी गोष्ट

चांगलं तेवढंच सांगितलं तर पाठ अर्धा राहील. तो संघ बागेच्या मालकांचा होता. प्रत्येक संत्रं पातळ कागदात गुंडाळून पेटीत रचणाऱ्या बहुतेक बायका होत्या. बागांत तोडणी करणारे चिनी, जपानी, मेक्सिकन मजूर होते. फळ टिकलं ते त्यांच्या हातांमुळे. पण संघाच्या नफ्यात त्यांना वाटा नव्हता आणि निर्णयात आवाज नव्हता.

आपल्या २२ गोण्यांची तोडणी कुणी केली? काही घरी ताईंनी स्वतः, काही घरी रोजंदारीवरच्या बायकांनी. जपून तोडा म्हणायचं असेल तर वेळ जास्त लागणार, आणि त्या वेळेची मजुरी द्यावी लागणार. हा हिशोबही बैठकीत मांडूया.

८. आता आपलं

बर्फाच्या वाघिणी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बंद झाल्या. मशीनने गार होणारे डबे आले, ट्रक आले. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी देशातली पहिली किसान रेल्वे निघाली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली. म्हणजे आपल्या भागातली फळं रेल्वेने दूर जाऊ शकतात. पण कुठलीही गाडी जखमी लिंबू बरं करत नाही.

बैठकीनंतर मी तीन घरी जाऊन तोडणी पाहिली. राग मानू नका, जे दिसलं ते लिहिते. आकडीने ओढून लिंबं खाली पाडतात. ती दगड-काट्यांवर पडतात. मग गोणीत ओततात, वरून गोणी आपटून जागा करतात. भरलेल्या गोण्या दुपारभर उन्हात असतात. हे एका गटाचं नाही, तिन्ही घरी तेच दिसलं. म्हणून "तुमच्यामुळे आमचा माल गेला" हे मला पटत नाही. आणि ड्रायव्हर, अडत्या यांची चूक नसेलच असंही मी म्हणत नाही. पण आपली बाजू साफ असेल तरच त्यांना जाब विचारता येईल.

करून पाहा

एकाच झाडाची २० लिंबं घ्या. दहा कात्रीने, देठ बारीक ठेवून कापा आणि अलगद ठेवा. दहा नेहमीसारखी पाडा. दोन वेगळ्या टोपल्यांत, एकाच सावलीत आठ-दहा दिवस ठेवा. रोज बघा आणि खराब झालेली मोजून गटाच्या वहीत लिहा. प्रत्येक गटाने करा. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या.

गटात बोलण्यासाठी प्रश्न

१. आपल्या लिंबाला पहिली जखम कुठे होते? झाडापासून टेम्पोपर्यंत एकेक टप्पा सांगा.
२. गोणीऐवजी क्रेट घ्यायचे झाले तर सहा गटांनी मिळून घेणं स्वस्त पडेल का?
३. प्रत्येक गटाच्या मालावर गटाचा नंबर टाकला तर पट्टी आल्यावर भांडण होईल की मिटेल?
४. जपून तोडणाऱ्या ताईला जास्त मजुरी द्यायची का? किती?
५. वेगळं विकायचं ठरवलेल्या दोन गटांना आपण काय सांगणार?

पाचवा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. त्या दोन गटांतल्या ताईसुद्धा हे वाचत असतील, तर त्यांना माझी एकच विनंती. निर्णय तुमचाच आहे. फक्त तो घेण्याआधी वीस लिंबं मोजून बघा.

भेटू पुढच्या बैठकीत.

तुमची,
क्षेत्र समन्वयक